हाडांचे औषध आणि दातांची निगा



या धड्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक आहे हाडांचे औषध. दुसरी गोष्ट म्हणजे आपले दात. कंबर कुठे आणि दाढ कुठे! या दोहोंचा संबंध काय, असे कुणालाही वाटेल. पण संबंध आहे. तो समजून घेतला तर म्हातारपणी हाडेही टिकतात आणि जबडाही शाबूत राहतो.

तो समजला नाही, तर दोन तऱ्हांनी नुकसान होते. कुणी औषधाची गोष्ट न सांगता दात उपटून घेतो. मग ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. कुणी उलट करतो. कानावर काहीतरी येते, तो घाबरतो, आणि औषधच टाकून देतो. मग एक दिवस मोरीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि माणूस अंथरुणाला खिळतो. ही दोन्ही संकटे टाळता येतात. कशी, ते आता पाहू.

हाड जिवंत असते

आपल्याला वाटते, हाड म्हणजे दगड. एकदा वाढले की वाढले. तसे नाही. हाड जिवंत आहे. ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे नवे होते.

जुन्या वाड्याची भिंत डोळ्यांपुढे आणा. तिच्या डागडुजीला दोन गडी कायमचे ठेवले आहेत. एक गडी खिळखिळ्या झालेल्या विटा काढतो. दुसरा गडी त्या जागी नव्या विटा बसवतो. दोघांचे काम बरोबरीने चालले, तर भिंत शंभर वर्षे उभी राहते. आपल्या हाडांत असेच दोन प्रकारचे गडी आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, इतके ते बारीक. त्यांना पेशी म्हणतात.

तरुणपणी दोघांचे काम जमून असते. उतारवयात ते बिघडते. विटा काढणारा जोरात काम करतो. बसवणारा मागे पडतो. बाईची पाळी बंद झाली की हा फरक फार लवकर वाढतो. म्हणून हाडे ठिसूळ होण्याचा त्रास बायकांना अधिक. पुरुषांनाही तो होतो. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी जे लोक स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतात, त्यांचीही हाडे पोकळ होतात.

ठिसूळ झालेले हाड आधी दुखतच असे नाही. पाठीला पोक येतो. उंची कमी होते. घागर उचलताना मणका दबतो. साध्या पडण्याने मनगट मोडते. सर्वांत वाईट म्हणजे खुबा मोडणे. खुबा मोडलेली कितीतरी म्हातारी माणसे पुन्हा पहिल्यासारखी हिंडूफिरू शकत नाहीत. परसाकडे जायलाही दुसऱ्याचा हात धरावा लागतो. म्हणून डॉक्टर हाडांचे औषध देतात. ते औषध चैन म्हणून दिलेले नसते.

औषध काय करते?

हे औषध विटा काढणाऱ्या गड्याला आवरते. त्याला म्हणते, "बस जरा." मग भिंत ढासळण्याचे थांबते. हाड मोडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

अशी औषधे मुख्यतः तीन तऱ्हांनी देतात. त्यांची नावे अवघड आहेत. पण अक्षरे जुळवून वाचा. एकदा वाचली की जीभ वळते.

पहिली तऱ्हा गोळीची. ॲलेंड्रोनेट आणि रायसेड्रोनेट ही तिची नावे. ती बहुधा आठवड्यातून एकदा घेतात.

दुसरी तऱ्हा सलाईनची. झोलेड्रॉनिक ॲसिड हे तिचे नाव. ते बहुधा वर्षातून एकदा शिरेतून देतात.

तिसरी तऱ्हा कातडीखाली देण्याच्या सुईची. डेनोसुमॅब हे तिचे नाव. ती दर सहा महिन्यांनी टोचतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅल्शियमची गोळी आणि ड जीवनसत्त्व हीही हाडांसाठीच देतात. पण ती या जातीची औषधे नव्हेत. त्यांनी जबड्याला हा त्रास होत नाही. म्हणून घरात कॅल्शियमची गोळी असली तर घाबरण्याचे कारण नाही.

आठवड्याच्या गोळीची एक रीत आहे. ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी. पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती सबंध गिळावी. चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको. गोळी चघळू नये व चावू नये. त्याने तोंडात फोड येतो. गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, काही खाऊ नये. नाहीतर गोळी अन्ननळीत अडकून तेथे जखम करते.

मग जबड्यालाच त्रास का?

विटा काढणारा गडी बसला, हे कंबरेच्या दृष्टीने बरे झाले. पण कधीकधी त्याची गरज पडते. दात काढला की जबड्याच्या हाडात खड्डा पडतो. त्या खड्ड्याच्या कडेचे मेलेले हाड आधी काढावे लागते. तेव्हाच नवे हाड भरते. काढणारा गडीच बसून राहिला, तर ही डागडुजी रखडते.

हात मोडला, पाय मोडला, तर हाडावर मांस असते, जाड कातडे असते. जबड्याचे तसे नाही. त्याच्या हाडावर हिरडीचा पातळ पदर असतो. रोज भाकरी चावताना त्याच्यावर दाब येतो. शिवाय तोंड हे जंतूंचे घर. दात काढला की जंतूंना हाडापर्यंत थेट वाट मिळते. अशा वेळी हाडाचा एखादा तुकडा मरतो. हिरडी त्याच्यावरून मागे सरते. हाड उघडे पडते. तोंडात दातासारखे काहीतरी टोचू लागते. तो दात नसतो, ते हाड असते. आठ आठवडे लोटले तरी ते झाकले जात नाही, तेव्हा डॉक्टर या रोगाचे नाव घेतात.

बहुतेक वेळा दात काढल्याचे निमित्त होते. पण दुसरीही निमित्ते आहेत. कवळी सैल असेल तर ती घासून घासून हिरडीला जखम करते. हिरड्यांत पू असेल तर तोही हाडापर्यंत जातो. मधुमेह असेल, तंबाखूचे व्यसन असेल, स्टेरॉइड चालू असेल, तर धोका अधिक. औषध चार वर्षांहून जास्त चालले असेल, तरीही धोका थोडा वाढतो.

हा रोग किती जणांना होतो?

आता घाबरू नका. आकडे नीट वाचा.

दहा हजार माणसांची जत्रा डोळ्यांपुढे आणा. त्या सर्वांना हाडे ठिसूळ झाली म्हणून गोळी किंवा वर्षाची सलाईन चालू आहे, असे समजा. त्यांतल्या दोन ते पाच जणांना हा जबड्याचा रोग होईल. बाकीच्यांना होणार नाही. सहा महिन्यांच्या सुईने तो थोडा अधिक होतो. दहा हजारांत फार तर तीस जणांपर्यंत. दात काढलेल्यांमध्येही बहुतेकांची जखम भरून येते.

कर्करोग हाडांत पसरतो, तेव्हा हीच औषधे फार मोठ्या मात्रेने देतात. जी सलाईन एरवी वर्षातून एकदा, ती तेथे दर तीन-चार आठवड्यांनी. वर्षाचा हिशेब केला तर औषध सुमारे दहापट जाते. तेथे हा रोग शंभरांत एका-दोघांना, कधी त्याहून अधिकांना होतो. म्हणून त्या रोग्यांनी दातांना फारच जपावे लागते.

आमचे सांगणे इतकेच. धोका थोडा आहे, पण ज्याला होतो त्याला भोगावा लागतो. आणि तो टाळण्याचा उपाय स्वस्त आहे. तोंड स्वच्छ ठेवणे, दात वेळेवर दाखवणे आणि खरे सांगणे, हाच तो उपाय.

काडेपेटीच्या कारखान्यांची हकीकत

ही औषधे नवी आहेत. २००३ साली अमेरिकेतल्या मायामी शहरात रॉबर्ट मार्क्स नावाच्या डॉक्टरांनी जबड्याचा हा त्रास प्रथम जगापुढे मांडला. त्यांनी ३६ रोगी पाहिले होते. पण जबड्याचे हाड मरण्याची कथा त्याहून फार जुनी आहे.

पूर्वी काडेपेटीच्या काड्यांना पांढरा फॉस्फरस लावत. त्याची वाफ कामगारांच्या नाकातोंडात जाई. त्यांचे जबडे सडू लागले. १८४५ साली व्हिएन्ना शहरातल्या लोरिन्सर नावाच्या डॉक्टरांनी हा रोग लिहून ठेवला. १८८८ साली लंडनमध्ये काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुलींनी संप केला. त्यांच्या गाऱ्हाण्यांत या विषाचीही गोष्ट होती. पुढे १९०६ साली बर्न शहरात अनेक देशांनी करार केला आणि पांढरा फॉस्फरस वापरण्यास बंदी घातली. आपल्या देशातही १९१३ साली तसा कायदा झाला. आज आपण चुलीजवळ जी काडी ओढतो, तिच्यात ते विष नाही.

या हकीकतीतून एक धडा घेण्यासारखा आहे. त्या काळीच डॉक्टरांच्या ध्यानात आले होते की किडक्या दाताच्या माणसाला हा रोग लवकर धरतो. म्हणून कामगारांचे दात तपासण्याची रीत पडली. फॉस्फरस हे विष होते. आजचे औषध हे विष नव्हे. ते उपकारकच आहे. परंतु दाताचे दार नीट ठेवावे, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे.

औषध सुरू करण्यापूर्वी

आम्ही शिरवळकडचे. पलीकडे नीरा नदी, नदीपलीकडे पुणे जिल्हा. पुणे-सातारा रस्ता आमच्या गावाजवळूनच जातो. शाळेत असताना आम्ही दर सोमवारी मुलांची नखे पाहत असू, दात पाहत असू. पण त्याच मुलांच्या आज्यांचे दात कोण पाहणार? दुखेपर्यंत कुणी पाहत नाही. दुखले की लवंग दाबायची. त्याने भागले नाही की आठवड्याच्या बाजारात कुणाकडून तरी उपटून घ्यायचा. ही चाल मोडली पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमच्या हाडांसाठी औषध सुरू करू," तर त्यांना विचारा, "आधी दात दाखवून येऊ का?" दंतवैद्य दात पाहतील. किडलेले दात भरतील. हिरड्या साफ करतील. जो दात वाचणारच नाही, तो आधीच काढून टाकतील. त्याची जखम भरली की मग औषध सुरू करावे. बहुधा त्याला काही आठवडे पुरतात.

मात्र हाड आधीच मोडले असेल आणि औषधाची घाई असेल, तर दातांसाठी थांबून राहू नये. काय आधी करावे, हे दोन्ही डॉक्टरांना आपसांत ठरवू द्यावे.

दात कुठे दाखवावे? आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. पुण्यात धनकवडीला, तसेच कराड आणि सांगली येथेही दंतवैद्यकाची महाविद्यालये आहेत. तेथे शिकणारी मुले आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली रोगी तपासतात.

रस्त्यावर बसून दात उपटणाऱ्याकडे मात्र जाऊ नये. १९४८ साली आपल्या देशात दंतवैद्यांचा कायदा झाला. शिकलेल्या दंतवैद्याचे नाव सरकारी नोंदवहीत घालण्याची पद्धत त्याने पडली. २०२३ साली त्या जागी नवा कायदा मंजूर झाला. नोंदणी त्यातही आहेच. रस्त्यावरच्या माणसाची नोंद नसते. त्याची पक्कड उकळलेली नसते. आणि तुम्ही कोणते औषध घेता, हे तो विचारत नाही.

औषध चालू असताना

आता रोज काय करायचे, ते पाहू.

पहिले. दिवसातून दोनदा दात घासावे. सकाळी एकदा, रात्री निजताना एकदा. ब्रश मऊ असावा. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. वीटकर, कोळसा, राख यांनी दात घासू नयेत. त्यांनी दात झिजतात आणि हिरडी सोलते.

दुसरे. मिसरी बंद करावी. आमच्या सातारा भागात कितीतरी बायका तव्यावर तंबाखू भाजून त्याची मिसरी करतात. कुणी तिला मशेरी म्हणतात. ती दातांना लावतात. "मिसरी लावली की दाढ दुखायची थांबते," असे त्या सांगतात. तंबाखूने तोंड बधिर झाल्यासारखे वाटते, म्हणून तसे भासते. आत कीड चालूच राहते. हिरडी खराब होते. तोंडाचा कर्करोगही होतो. जी बाई हाडांचे औषध घेते, तिने मिसरी लावणे म्हणजे एका हाताने भिंत लिंपणे आणि दुसऱ्या हाताने पाडणे.

तिसरे. कवळी असेल तर ती रोज धुवावी. रात्री काढून पाण्यात ठेवावी. सैल झाली, टोचू लागली, तर बसवून घ्यावी. कापूस खुपसून किंवा कानशीने घासून ती घरी नीट करू नये.

चौथे. दुखत नसले तरी दर सहा महिन्यांनी दात दाखवावे. कीड लहान असताना दात भरता येतो. दात भरणे, हिरड्या साफ करणे, दाताच्या मुळाचा उपचार करणे, ही कामे औषध चालू असतानाही करून घेता येतात. त्यांना भिऊ नये. दात वाचवला की काढण्याचा प्रश्नच राहत नाही.

पाचवे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी. साखर वाढलेली असली की कोणतीही जखम लवकर भरत नाही.

सहावे. दात काढावाच लागला तर आधी औषधाचे नाव सांगावे. गोळी बंद करून दोन वर्षे झाली असली, तरीही सांगावे. गोळीचे व सलाईनचे औषध हाडात मुरून वर्षानुवर्षे राहते.

एक संवाद

पुढचा संवाद दोघींनी मिळून मोठ्याने वाचावा. एकीने आजीचे बोलणे वाचावे. दुसरीने डॉक्टरीणबाईंचे आणि सुनेचे वाचावे.

डॉक्टरीणबाई : या आजी, बसा. काय होतंय?

आजी : बाई, ही खालची दाढ लई ठणकतीया. चार रात्री डोळ्याला डोळा न्हाई. उपटून टाका एकदाची.

डॉक्टरीणबाई : बघते. पण आधी सांगा, कुठलं औषध चालू आहे?

आजी : बीपीची गोळी हाय. दुसरं काय न्हाई.

सून : आत्याबाई, ती सलाईन इसरला व्हय? दिवाळीआधी पुण्याला लावली ती?

आजी : अगं, ती कंबरंची. तिचा नि दाताचा काय संबंध?

डॉक्टरीणबाई : तोच तर संबंध आहे, आजी. त्याचा कागद आहे का?

सून : हा बघा. औषधाचं नाव डॉक्टरांकडनं इचारून मीच लिवून ठेवलंय.

डॉक्टरीणबाई : झोलेड्रॉनिक ॲसिड. वर्षातून एकदा. दोन वेळा झालं. फार चांगलं केलंत. आता बघू दाढ. आजी, ही दाढ वाचेल. मुळाचा उपचार करू. उपटायची गरज नाही.

आजी : आन्‌ वाचली न्हाई तर?

डॉक्टरीणबाई : तर काढू. पण आधी तोंड स्वच्छ करून घेऊ. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलू. जखम होईल तितकी लहान ठेवू. ती भरेपर्यंत तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलावू. यायला कंटाळायचं नाही.

आजी : मग ती सलाईनच बंद करते की! नगं ते झंगाट.

डॉक्टरीणबाई : नाही आजी, तसं करू नका. तुमचा मणका एकदा दबलाय ना? दाढ आम्ही सांभाळू. मोडलेला खुबा सांभाळणं फार अवघड. सलाईनचं काय करायचं, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आजी : बरं. आन्‌ मिसरी?

डॉक्टरीणबाई : ती मात्र आजपासून बंद.

आजी : ते अवघड हाय, बाई.

डॉक्टरीणबाई : अवघड आहे खरं. पण जबड्यापेक्षा मिसरी मोठी नाही.

या संवादात सुनेच्या कागदाने काम केले. आजी सलाईन विसरली होती. कागद विसरला नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

औषध घेणाऱ्या माणसाच्या तोंडात पुढील खुणा दिसल्या, तर लगेच दंतवैद्याकडे जावे.

दात काढल्यावर दोन-तीन आठवडे झाले तरी खड्डा मिटत नाही.

हिरडीतून पांढरे किंवा पिवळट हाड दिसते, किंवा जिभेला टोचते.

हिरडीतून पू येतो, तोंडाला घाण वास येतो.

कीड नसताना दात हलू लागतो.

जबडा जड वाटतो, सुजतो, किंवा खालचा ओठ बधिर होतो.

अशा खुणा दिसल्या म्हणजे हाच रोग झाला, असे नव्हे. साधी कीडही असू शकते. तंबाखूच्या माणसाला कर्करोगही असू शकतो. २०२१ साली करोनाच्या साथीत काळ्या बुरशीचा आजार आला होता. त्यातही पुष्कळांचे जबडे खराब झाले. तो रोग निराळा. कोणता रोग कोणता, हे ओळखणे डॉक्टरांचे काम. वेळेवर जाणे आपले काम.

हा रोग लवकर कळला तर बहुतेकदा औषधी पाण्याच्या चुळा, जंतुनाशक औषधे आणि वरचेवर तपासणी यांवर भागते. काहींचे मेलेले हाड शस्त्रक्रिया करून काढावे लागते. पुष्कळ जण बरे होतात. उघडे पडलेले हाड घरी सुईने किंवा चिमट्याने टोकरू नये. त्यावर हळद, चुना, तंबाखू दाबू नये.

औषध आपल्या मनाने बंद करू नका

ही गोष्ट आम्ही मुद्दाम निराळी सांगतो. ती सर्वांत महत्त्वाची आहे.

जबड्याची गोष्ट ऐकून कित्येक जण औषध सोडतात. दहा हजारांतल्या पाचांत आपण असू, या भीतीने ते खुबा मोडण्याचा मोठा धोका पत्करतात. हा सौदा तोट्याचा आहे.

त्यातही सहा महिन्यांची सुई फार सांभाळावी. ही सुई हाडात मुरून राहत नाही. ती चुकली की बसलेला गडी उठतो आणि दुप्पट जोराने विटा काढू लागतो. काही जणांचे मणके मग एकामागून एक मोडतात. म्हणून या सुईची तारीख चुकवू नये. दात काढायचा असेल तर दोन सुयांच्या मधली योग्य वेळ दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतात.

कधीकधी डॉक्टरच काही वर्षांनी गोळी किंवा सलाईन थांबवतात. ते हाडांची तपासणी करून तसे ठरवतात. आपण ऐकीव गोष्टीवर ठरवू नये.

एक चिठ्ठी

आता लेखनाचा पाठ. औषधाच्या पाकिटावर नाव बहुधा इंग्रजीत असते. ते वाचता आले नाही, तर संकोच करू नका. डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानदाराला म्हणा, "नाव सावकाश सांगा, मी मराठीत लिहून घेतो." मग एका जाड कागदावर पुढील गोष्टी लिहा :

माझे नाव आणि वय.

हाडांच्या औषधाचे नाव.

गोळी, सलाईन की सुई?

औषध कधी सुरू झाले?

शेवटचे औषध कोणत्या तारखेस घेतले?

पुढचे औषध कोणत्या तारखेस?

औषध देणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि फोन.

दुसरी औषधे व आजार. मधुमेह आहे का? स्टेरॉइड चालू आहे का?

ही चिठ्ठी रेशनकार्डाजवळ ठेवा. प्रत्येक सुईनंतर किंवा सलाईननंतर नवी तारीख लिहा. दवाखान्यात जाताना, मग तो दातांचा असो वा तापाचा, ती बरोबर न्या. घरात आई, आत्या, सासू, वडील औषध घेत असतील, तर त्यांची चिठ्ठी तुम्ही लिहा. अक्षर वळणदार नसले तरी चालेल. वाचता आले म्हणजे झाले.

प्रश्न

१. हाडातले दोन प्रकारचे गडी कोणते? औषध त्यांतल्या कोणाला आवरते?

२. कॅल्शियमच्या गोळीने जबड्याला हा त्रास होतो का?

३. आठवड्याची गोळी घेण्याची रीत कोणती?

४. औषध सुरू करण्यापूर्वी दात का दाखवावे?

५. सहा महिन्यांची सुई का चुकवू नये?

६. संवादातली आजी कोणती गोष्ट विसरली होती? ती कशामुळे कळली?

७. तुमच्या घरात किंवा शेजारी हाडांचे औषध कोण घेते? विचारून या, आणि त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहा.

शब्दांचे अर्थ

ठिसूळ – सहज मोडणारे.

खुबा – मांडी जेथे कंबरेला जोडलेली असते तो सांधा.

पेशी – शरीराचा अगदी बारीक जिवंत कण.

हिरडी – दाताभोवतीचे मांस.

कवळी – बसवलेले खोटे दात.

दंतवैद्य – दातांचा डॉक्टर.